शनिवारपर्यंतच्या खुणा

आत्याने भाचीला किडनी दिली त्याला दहा वर्षं होऊन गेली होती; पण ती पुरती देऊन टाकली होती, असं काही म्हणता येत नव्हतं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती वरच्या मजल्यावरून भावाच्या घरी उतरायची, आत डोकावायची आणि विचारायची, "काय म्हणतेय माझी किडनी? झोप झाली का तिची?" भाची चार-पाच वर्षांची होती तेव्हा पोटाला हात लावून, कान देऊन ऐकल्यासारखं करून सांगायची, "हो म्हणते." सात वर्षांची झाल्यावर तिने "ती म्हणते आज शाळेत जायचं नाही" असं सांगून बघितलं, पण ते काही चाललं नाही. आता चौदाव्या वर्षी ती उत्तरच द्यायची नाही. वेणी घालता घालता आरशातून आत्याकडे असं बघायची, की दुसरी एखादी असती तर परत वर जाऊन दार लावून बसली असती. आत्या मात्र खुर्ची ओढून चहा मागायची.

पोरगी जन्मली तीच दुबळ्या किडन्या घेऊन. चौथ्या वर्षी त्यांनी कामच सोडलं. बापाचा रक्तगट जुळेना, आईचं ब्लडप्रेशर आडवं आलं, आणि घरात तिसरी उरली ती बापाची मोठी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं आणि सल्ले मात्र सगळ्यांना द्यायची. तिचं सगळं जुळलं. "जुळणारच," ती म्हणाली, "नाक माझं घेतलंय, तर किडनीला काय झालं?" अडतीस वर्षांच्या बाईची किडनी चार वर्षांच्या पोटात बसवायची म्हणजे डॉक्टरांची कसरतच. ती बसली, आणि पहिल्याच दिवसापासून अशी धावायला लागली की पोरीला घड्याळ लावून पाणी पाजावं लागे. औषधांनी गाल टम्म फुगले, आणि आत्यानेच तिचं नाव ठेवलं चेंडू. गाल पुढे उतरले, पण नाव काही उतरलं नाही.

आत्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायची. तिथे कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून तिलाही सगळे मास्तरच म्हणत. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने माप आखायचं आणि मशीन फिरवायचं; एका आखणीत चाळीस फ्रॉक. तिचा हात कधी चुकत नसे आणि ते ती कुणाला विसरूही देत नसे. मूल पाठमोरं चाललेलं पाहून ती त्याचं वय सांगायची, आणि बहुतेक वेळा ते महिन्याच्या फरकाने बरोबर निघायचं. फक्त घरातल्या पोरीचं वय तेवढं तिच्या नजरेतून निसटलं.

औषधांची वही तिनेच सुरू केली होती. डावीकडे तारीख आणि वार, मग सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने. गोळी पोटात गेली की बरोबरची खूण. पहिली आठ वर्षं ही खूण डोळ्यांदेखत झाल्याशिवाय होत नसे. चेंडूने तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, आत्याने आत वाकून बघायचं, मग पेन. पोरगी बारा वर्षांची झाली तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "आता हळूहळू गोळ्यांची जबाबदारी तिच्याकडे द्या." घरी येईपर्यंत त्यातलं 'हळूहळू' वाटेत कुठे तरी गळून पडलं. त्याच संध्याकाळी बापाने सात कप्प्यांचा डबा दोन्ही हातांनी लेकीच्या पुढे धरला आणि घसा खाकरून म्हणाला, "आजपासून तू मोठी." आईला रडू आलं. आत्या म्हणाली, "डबा मी भरणार, आणि वहीही माझ्याकडेच राहणार." तेवढ्यावर तो सोहळा आटोपला.

मग रविवारी आत्या डबा भरायची आणि खुणा करायची. पहिले काही महिने रोज विचारून करायची. "घेतलीस?" "घेतली." खूण. पुढे पुढे तिला वाटायला लागलं की उत्तर ठरलेलंच आहे, तर त्यासाठी रोज संध्याकाळी पुन्हा जिने चढउतार कशाला करायचे? म्हणून रविवारी डबा भरून झाला की ती सोमवार ते शनिवार, सकाळ आणि संध्याकाळ, बारा खुणा एका दमात ओढून मोकळी व्हायची. वर एकदा आखलं की खाली सगळे थर तसेच कापले जाणार, ही तिची आयुष्यभराची खात्री होती. त्या खात्रीवर तिने शेकडो शाळांना कपडे घातले होते.

मुलांच्या किडनीच्या दवाखान्यात दर दोन महिन्यांनी रक्त द्यायला जायचं. तिथल्या खुर्च्या पाच वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या होत्या, भिंतीवर उंची मोजायला जिराफ रंगवला होता, आणि चेंडूचं डोकं आता त्या जिराफाच्या शिंगांच्याही वर गेलं होतं. त्या मंगळवारी ती छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसली होती. समोर एक बाई मांडीवरच्या मुलाला बाटलीतून पाणी पाजत होती. मुलाचे गाल फुगलेले होते. तो दोन घोट घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. ती पुन्हा बाटली लावायची.

"अगदी तुझ्यासारखा," आत्या कौतुकाने म्हणाली. "बघ बघ, तू पण अशीच नाटकं करायचीस."

"आत्या, हळू बोल."

"का? त्याला कळतंय होय?"

"मला कळतंय ना."

आत डॉक्टरबाई कागद बघत होत्या. याच डॉक्टरबाईंनी दहा वर्षांपूर्वी त्या दोघींना शेजारशेजारच्या खोल्यांत झोपवलं होतं. तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता पांढरे झाले होते, आणि त्याला आपणच कारण आहोत अशी आत्याची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा वर केला.

"क्रिएटिनिन दीड झालंय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पॉइंट नऊ होतं. किडनीचं काम मंदावलं की हा आकडा चढतो, तुम्हाला माहीतच आहे. आणि रक्तात औषध जेवढं सापडायला हवं त्याच्या निम्मंही नाही." मग चेंडूकडे वळून त्यांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत?"

"हो," चेंडू म्हणाली.

"दोन्ही वेळा?"

"हो."

"एकही चुकलेली नाही!" आत्या म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "डॉक्टर, ही पोरगी जेवण विसरेल, गोळी विसरायची नाही. माझी जबाबदारी आहे. लिहून देते पाहिजे तर."

"मग अंगाला लागत नाही असं धरावं लागेल," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "डोस दुप्पट करते." आणि त्या कागदावर लिहायला लागल्या.

आता आत्याला चेव आला. लिहून देते म्हटलं म्हणजे तिने लिहूनच आणलं होतं. तिने पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि टेबलावर सरकवली. "हे बघा. दहा वर्षांचा हिशोब. एक खूण खाडाखोड केलेली दाखवा."

डॉक्टरबाईंनी वही बघितली. पेन खाली ठेवलं. पुन्हा बघितली.

"आज काय वार आहे?"

"मंगळवार," आत्या म्हणाली.

"सकाळचे किती वाजले?"

"साडेदहा होत आलेत. का?"

"नाही, तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळची गोळी घेऊन झालीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला वाटलं आपणच मागे राहिलो की काय."

आत्याने मान पुढे काढून स्वतःच्याच अक्षराकडे पाहिलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. खुणा कशा एका उंचीच्या, एका तिरपाईच्या, अगदी देखण्या आल्या होत्या. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि चेंडूला हसू फुटलं. आधी नाकातून फिस्सकन, मग खदखदून, मग पोट धरून. महिन्या-दोन महिन्यांत ती घरात अशी हसली नव्हती.

"त्याचं काय आहे," आत्या म्हणाली, "आमच्याकडे चाळीस थर असतात. वरच्या थरावर आखलं की..."

"अहो, पण खालच्या थरात कापड आहे की नाही, ते तरी बघायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

हसता हसता चेंडूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. तिने बाहीने नाक पुसलं आणि टेबलाकडे बघत म्हणाली, "कापड नव्हतं. मी घेत नाही. संध्याकाळच्या."

"किती चुकल्या?"

"आठवड्याला तीन. कधी चार." थोड्या वेळाने, "कधी पाच. सुट्टीपासून. सकाळच्या घेते, आई समोर असते म्हणून. संध्याकाळच्या बेसिनमध्ये टाकते."

आत्याने तोंड उघडलं. डॉक्टरबाईंनी नुसता हात वर केला, आणि आश्चर्य म्हणजे आत्याने ते मिटलं.

चेंडूने मग तुटक तुटक सांगितलं. ती बॅडमिंटन खेळायला लागली होती, दुहेरीत. सराव सात ते नऊ. आठला फोन वाजला की सगळे विचारणार कसला गजर, कसली गोळी, काय होतंय तुला. तिथे कुणाला माहीत नव्हतं. जोडीदारणीलाही नाही. पहिल्यांदा एक गोळी चुकली तेव्हा ती घाबरून झोपलीच नव्हती. पण सकाळी उठली तर काहीच झालं नव्हतं. दुसरी चुकली, तेव्हाही काही झालं नाही. आणि आरशात गाल बारीक दिसायला लागले.

"म्हणजे मला वाटलं दिसतायत," ती म्हणाली. "घरी मी चेंडूच आहे. तिथे मला कुणी चेंडू म्हणत नाही."

डॉक्टरबाईंनी डोस दुप्पट करायचा कागद फाडून टाकला. "बरं झालं बोललीस," त्या म्हणाल्या. "दुप्पट डोस दिला असता, आणि एखाद्या आठवड्यात तू शहाण्यासारखा सगळा घेतला असतास, तर नवीनच पंचाईत झाली असती." मग त्या आत्याकडे वळल्या. "ऑपरेशनच्या वेळी मी तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवतं?"

"आठवतं की. एवढं पार पडलं की सुटलो, म्हणाला होतात."

"पहिलं वर्ष पार पडलं की मोठा धोका टळला, असं म्हणाले होते. सुटलो हे तुमचं." त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "चार वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन आम्हाला घाम फोडतं, खरंय. शिरा बारीक, रक्त गोठायची भीती. पण ते एकदा तरलं की इतक्या लहानपणी बसवलेली किडनी छान टिकते. एक कारण अगदी साधं आहे. त्याचं औषध दुसरं कुणी तरी त्याच्या तोंडात घालत असतं. त्याने थुंकलं तरी पुन्हा घालतं. चाळिशीचा माणूस स्वतःच्या भीतीने घेतो. आमच्या किडन्या जातात त्या या मधल्यांच्या. तेरा-चौदाला सुरू होतं ते पार बावीस-चोवीसपर्यंत. अंगही या वयात परक्या गोष्टीला जोरात विरोध करतं, आणि यांचं डोकं तर करतंच."

"म्हणजे धोका तेव्हा नव्हता?" आत्याने विचारलं. "आत्ता आहे?"

"तेव्हा होता. आता परत आलाय. तुम्ही मधली आठ वर्षं निवांत होता एवढंच."

आत्या निवांत कधीच नव्हती. पाणी उकळून, हात धुवायला लावून, शिंकणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. पण या वेळी तिने ते बोलून दाखवलं नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तिला बोलायला सुचत नसे. आयुष्यात हे दोनदाच झालं होतं.

त्याच दिवशी चेंडूला दाखल करून घेतलं. पाठीवर झोपवून, पोटात सुई घालून किडनीचा कणभर तुकडा काढला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अंगाने किडनीला विरोध सुरू केला होता. हाताबाहेर गेलेलं नव्हतं, पण किरकोळही नव्हतं. तीन दिवस सलाईनमधून मोठं औषध. ते किती लागू पडतं ते तीन आठवड्यांनी रक्तात कळणार होतं.

बाप बस चालवायचा. तो गणवेशातच धावत आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि "असं कसं केलंस गं" एवढं एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणत राहिला. आईने चादर नीट केली, मग उशी, मग पुन्हा चादर. आत्याचा आवाज दुसऱ्या दिवशी परत आला, आणि आला तो सगळा साठा घेऊन.

"माझी किडनी," ती म्हणाली, "माझी चांगली धडधाकट किडनी बेसिनमध्ये ओतलीस! पोट फाडून दिली ती काय गटारात सोडायला? परत तरी द्यायचीस. म्हणायचं, आत्या, नको ही मला, परत ने."

"ने मग!" चेंडू उठून बसली. हातातली नळी ताणली गेली. "ने तुझी किडनी. रोज सकाळी विचारतेस, माझी किडनी कशी आहे, माझी किडनी कशी आहे. सगळे तेच विचारतात. आई तेच विचारते. पाहुणेपण तेच विचारतात. मी कशी आहे ते विचारलंय का कुणी कधी? मी काय तिची पिशवी आहे?"

शेजारच्या पलंगावरच्या मुलाने हातातला खेळ थांबवला. आत्या उभीच होती. दहा वर्षं जी गंमत ती रोज करत होती, ती गंमत समोरच्या माणसाला किती वर्षांपासून टोचत होती याचा ती मनाशी हिशोब मांडत होती, आणि तो काही लागत नव्हता. मग तिने पिशवी उचलली आणि "कामावर जाते" असं म्हणून निघून गेली.

कारखान्यात तिने चाळीस थर अंथरले, बाह्यांचा नमुना ठेवला, आखला, मशीन फिरवलं आणि दोन तासांनी शिलाईच्या बायकांकडून गठ्ठा परत आला. सगळ्या बाह्या डाव्या होत्या. नमुना उलटा करून दुसऱ्यांदा आखायचा असतो, हे ती साफ विसरली होती. गठ्ठ्यात उजवी बाही औषधालाही नव्हती. बायका टेबलाभोवती जमल्या. तिची चूक बघायला मिळणं हा त्यांच्या आयुष्यातला दुर्मीळ योग होता. एकजण म्हणाली, "मास्तर, ही शाळा एकाच हाताने लिहिणाऱ्या पोरांची आहे का?" सगळ्या हसल्या. आत्याही हसली, आणि मग डाव्या बाह्यांच्या त्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून रडली. बायकांनी तिला रडू दिलं. एकीने मशीनची वायर तेवढी काढून ठेवली.

संध्याकाळी ती परत वॉर्डात गेली. रस्ताभर जुळवलेलं भाषण दारात येताच नाहीसं झालं. पलंगाशी जाऊन ती म्हणाली, "काय म्हणते..." आणि जीभ चावली.

"कोण?" चेंडूने विचारलं. चेहरा कोरा होता, पण ओठाचा एक कोपरा हलत होता.

"तू," आत्या म्हणाली. "तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, इथलं जेवण घाणेरडं आहे."

"आणखी?"

चेंडूला आणखी बरंच काही म्हणायचं होतं. ते ऐकायला आत्याला दीड तास लागला. त्यात किडनीचं नाव एकदाही आलं नाही. बॅडमिंटनच्या जोडीदारणीचं आलं, एका शिक्षकांच्या घोरण्याचं आलं, मोठेपणी कुठलंही काम केलं तरी शिवणकाम करणार नाही असंही आलं. आत्याने मध्ये फक्त सात वेळा तोंड घातलं, म्हणजे तिच्या मानाने ती गप्पच होती.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. गाल पुन्हा गरगरीत झाले होते. चेंडूने आरशात पाहिलं, आरसा भिंतीकडे वळवून ठेवला आणि तसल्याच गालांनी बॅडमिंटनला गेली. आठ वाजता तिने सगळ्यांसमोर पाण्याच्या बाटलीबरोबर गोळी घेतली. जोडीदारणीने विचारलं, हिने सांगितलं; जुन्या दोन काढलेल्या नाहीत, हेही सांगितलं. जोडीदारीण म्हणाली, "बाप रे, म्हणजे तुझ्यात तीन आहेत? आणि तरी तू सर्व्हिस नेटमध्ये मारतेस?" घरी येऊन हे सांगताना चेंडू इतकी खूश होती, की आईला त्यात खूश होण्यासारखं काय आहे ते कळेना. वही आता भाचीकडे होती. आत्याला ती बघायची बंदी नव्हती. पण ती मागायची नाही असं तिने स्वतःच ठरवलं होतं, आणि ते निभावताना तिचा रोज जीव जात होता.

तीन आठवड्यांनी रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा सगळे घरातच होते. बापाने रजा घेतली होती, आत्याने पोट दुखतंय असं कारखान्यात कळवलं होतं. फोन आत्यानेच झडप घालून उचलला. "हो, मी तिची आत्या, सांगा ना," असं ती म्हणाली, मग थोडं ऐकलं, आणि फोन कानापासून लांब धरून भाचीकडे दिला. "तुलाच हवंय म्हणतात. यापुढे तुलाच सांगणार म्हणे."

चेंडू फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं.

बाहेर तिघं मोठी माणसं उभी राहिली. आई देवळाच्या दारात उभी राहावी तशी हात जोडून. बाप दाराला कान लावावा की नाही अशा बेताने अर्धा वाकून. आत्या दहा वर्षांपूर्वी अशाच एका बंद दाराच्या आत होती, बाहेर नव्हती. आत असणं किती सोपं होतं ते तिला आज कळत होतं. आतून "हं", "हं", "किती?", "आणि मग?" एवढंच ऐकू येत होतं. मग बराच वेळ चेंडूच काही तरी विचारत होती. ती इतकं काय विचारतेय, ते कुणालाच उमगेना.

दार उघडलं.

"एक पॉइंट दोन," ती म्हणाली.

"खाली आलं!" बाप ओरडला.

"आलं. पण याच्या खाली येणार नाही म्हणाल्या. जे गेलं ते गेलं. मी त्यांना विचारलं, माझ्या चुकीने किती वर्षं गेली. त्या म्हणाल्या, असं वर्षांत सांगता येत नाही, पण गेली."

आईने तिला जवळ ओढलं. बाप भिंतीला टेकला. आनंद करावा की रडावं ते कुणालाच ठरवता येईना, म्हणून सगळ्यांनी थोडंथोडं दोन्ही केलं. ते आवरल्यावर चेंडू आत्यासमोर येऊन उभी राहिली. उंची आता जवळजवळ सारखी होती.

"आणखी एक विचारलं मी त्यांना. ही गेली तर आत्या परत देईल का."

"देईन की!" आत्या क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

"कुठली? तुझ्याकडे एकच आहे." चेंडूचा आवाज बारीक झाला. "मला माहीत होतं गं. लहानपणापासून माहीत होतं. पण मी कधी तसा विचारच केला नव्हता. त्यांनीच विचारलं, तुझ्या आत्याने स्वतःची तपासणी शेवटची कधी केली? दर वर्षी करायची असते ना तुझी?"

"केली की, परवाच..." आत्या म्हणाली. भावाने तिच्याकडे बघितलं. वहिनीने बघितलं. "म्हणजे, गेल्या वर्षी."

"आत्या."

आत्याने खिडकीकडे पाहिलं. तिथे मदत करण्यासारखं काही नव्हतं. "सहा वर्षं झाली असतील," ती शेवटी म्हणाली. "सात. मला काय धाड भरलीये? वेळ कुठे असतो मला?"

कुणीच हसलं नाही. चेंडू रागावलीही नाही, आणि तेच आत्याला जड गेलं.

"माझी गेली तर मला डायलिसिसचं मशीन आहे, कुणी दुसरंही देईल," चेंडू म्हणाली. "तुझी गेली तर मी दुसरी आत्या कुठून आणू? गुरुवारी वेळ घेतलीये तुझी. मोठ्यांच्या दवाखान्यात. मी येणार आहे बरोबर, आत पण येणार आहे."

आत्याच्या जिभेवर नेहमीसारखं काही तरी तयार होतं, पण ते बाहेर आलं नाही. तिने पदराने डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि शाळेत उशीर झालेल्या मुलीसारखी खाली बघत विचारलं, "किती वाजता?"

"नऊ," चेंडू म्हणाली. "उपाशीपोटी. चहापण नाही."